एका गांवाचा एक दिवस

आमच्या शाळेच्या यंदाच्या सहलीविषयीं पालकवर्गांत जी कुरकूर झाली, तिचा उल्लेख या वार्षिकांत करावा कीं नाहीं, याविषयीं आमच्या मनांत कांहीं दिवस चलबिचल होती. परंतु जी गोष्ट शाळेच्या फाटकापाशीं उभें राहून दहा माणसें बोलतात, ती कागदावर मांडण्यास संकोच कसला? तक्रार थोडक्यांत अशी आहे. इयत्ता नववींतील ४२ मुलामुलींस आम्हीं गेल्या जानेवारींत एका दिवसाच्या सहलीस नेलें, आणि त्या संबंध दिवसांत वाई हें एकच गांव व त्याला लागून असलेली मेणवली एवढेंच दाखविलें. पांचगणी तेथून अवघी बारा किलोमीटर. तिकडे गाडी वळविली नाहीं. महाबळेश्वर नाहीं, प्रतापगड नाहीं. एका पालकांनीं तर आम्हांस गांठून विचारलें, "सर, दुसऱ्या शाळेनें एवढ्याच वर्गणींत सात ठिकाणें दाखविलीं. आपण मुलांस दिवसभर नदीकांठीं बसवून आणिलें म्हणे!"

बसवून आणिलें हें खरें, आणि तें जाणूनबुजून केलें हेंही खरें. इतकेंच नव्हे, तर पुढील वर्षींही तसेंच करावें अशी आमची शाळेस व पालकांस विनंती आहे. ती कां, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

प्रथम आमच्या स्वतःच्या चुकीची कबुली देतों. चार वर्षांपूर्वीं सात ठिकाणांची सहल आम्हींच काढिली होती. दोन दिवस, एक मुक्काम, सात स्थळें. कागदावर तें वेळापत्रक इतकें देखणें दिसत होतें कीं, शिक्षकांच्या खोलींत तें आम्हीं भिंतीवर लावून ठेविलें होतें. प्रत्येक स्थळास पस्तीस मिनिटें. त्यांतील दहा गाडींतून उतरण्यांत व रांगा लावण्यांत जात, दहा पुन्हां चढण्यांत व मोजणी करण्यांत. उरलेल्या पंधरांत इतिहास, स्थापत्य, निसर्गशोभा आणि लिंबूसरबत हें सर्व उरकावयाचें. आमच्या गळ्यांत शिट्टी होती. ती वाजली कीं मुलें धांवत सुटत, आणि त्यांच्यामागें आम्ही. चौथ्या ठिकाणीं मोजणी चुकली व एक मुलगी मागें राहिली. आठ किलोमीटर पुढें गेल्यावर तिच्या मैत्रिणीनें आरडाओरड केली, तेव्हां गाडी फिरविली. त्या परतीच्या आठ किलोमीटरांत आम्हीं काय काय मनांत आणिलें, तें येथें लिहीत नाहीं. मुलगी देवळाच्या दाराशीं एका फुलवालीच्या शेजारीं शांतपणें बसली होती, आणि तेवढ्या वेळांत तिनें हार गुंफण्यास शिकून घेतलें होतें. त्या सहलींत कांहीं शिकलेलें तें एकच मूल, असें आम्हांस पुढें अनेकदां वाटलें.

परत आल्यावर नेहमींप्रमाणें निबंध लिहून घेतला. बहुतेकांनीं गाडींतील गाण्यांच्या भेंड्या आणि रात्रींच्या जेवणांतील पनीर यांचेंच रसभरित वर्णन केलें होतें. एका हुषार मुलानें अफजलखानाची कबर प्रतापगडाखालून उचलून सिंहगडावर नेऊन ठेविली होती. त्याचे गुण आम्हीं कापले; पण कापतांना हात अडखळला. सात जागा ज्यानें त्या मुलाच्या डोळ्यांसमोरून पळवित नेल्या, त्याचे गुण कोणीं कापावयाचे?

म्हणून यंदा आम्हीं हट्ट धरिला कीं, एकच गांव घ्यावें. तें पुण्याहून नव्वद किलोमीटरांच्या आंत असावें, त्यास नदी असावी, आणि तेथें तिकीट काढून पाहावयाचें असें फार थोडें असावें. वाईनें या तिन्ही अटी पुऱ्या केल्या. पहाटे साडेपांचास निघालों. खंबाटकीचा घाट उतरून सुरूरच्या फाट्यावर गाडी उजवीकडे वळली, तेव्हां उसाच्या फडांवर धुकें होतें. मुलांचे मोबाइल आम्हीं निघतांनाच एका पिशवींत गोळा केले होते. त्याबद्दल गाडींत थोडा शोक झाला, पण शिरवळ येईपर्यंत तो ओसरला. त्याऐवजीं प्रत्येकाच्या हातीं एक कोरी वही व एक पेन्सील दिली. काम एकच सांगितलें होतें : जें कळलें नाहीं तें लिहा. जें कळलें तें लिहूं नका, तें पुस्तकांत आहेच.

सकाळीं आठ वाजतां गणपति आळीच्या घाटावर येऊन आम्ही बसलों. महागणपतीचें तें देऊळ सरदार रास्ते घराण्यांतील गणपतराव भिकाजी यांनीं १७६२ सालीं बांधिलें. आंतील मूर्ति एकाच काळ्या पाषाणाची आणि एवढी विशाल कीं, लोक प्रेमानें तिला ढोल्या गणपति म्हणतात. आमच्या मुलांत सर्व धर्मांचीं मुलें आहेत. आंत जाणें न जाणें ज्याच्या त्याच्या मनावर ठेविलें होतें. कांहीं गेलीं, कांहीं सभामंडपांत थांबलीं, कांहीं पायऱ्यांवरच बसलीं. कोणीं कोणास त्याबद्दल विचारिलें नाहीं. नंतर सर्वांस आम्हीं देवळाच्या मागल्या बाजूस, नदीच्या अंगास नेलें. तेथील भिंत सरळ नाहीं. ती दोन्हीकडून निमुळती होत होत मध्यें टोंकाला येते. असें कां, एवढाच प्रश्न टाकून आम्ही गप्प बसलों.

सांगावयास हरकत नाहीं कीं, वीस मिनिटें कोणासच उत्तर आलें नाहीं. शोभेसाठीं, असें एक म्हणाला. बांधणारांची चूक झाली असावी, असें दुसऱ्याचें मत पडलें. आम्हांस जीभ आवरणें फार जड गेलें. शिक्षकाच्या जन्माला आलेल्यास उत्तर ठाऊक असतां मौन पाळणें हें उपासाहून कठीण. शेवटीं एक मुलगी, जी वर्गांत सहसा तोंड उघडीत नाहीं, पाण्याकडे पाहत राहिली होती ती म्हणाली, "सर, ही माशाच्या तोंडासारखी आहे. पूर आला म्हणजे पाणी भिंतीवर आपटणार नाहीं, दोन्हीकडे फुटून जाईल." तेंच उत्तर होतें. अडीचशे वर्षांपूर्वींच्या गवंड्याच्या मनांतील विचार त्या मुलीनें पाण्याकडे पाहून ओळखिला. विज्ञानाच्या पुस्तकांत प्रवाहाचा धडा आहे. तो शिकवितांना आम्हीं तिला तीन वेळां उभें केलें होतें व तिन्ही वेळां ती चुकली होती. पस्तीस मिनिटांच्या हिशेबांत तिचें हें उत्तर कोठें बसलें असतें?

घाटावर धुणें चाललें होतें. कांहीं पोरें वरच्या पायरीवरून डोहांत उड्या घेत होतीं. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकून पडल्या होत्या. तेंही मुलांनीं पाहिलें आणि वहींत लिहिलें, कारण ज्या नदीस माय म्हणावयाचें तिच्यांत हें कां टाकावयाचें, तें त्यांस खरोखरच कळलें नव्हतें. आम्हांसही कळत नाहीं. एक वृद्ध गृहस्थ ऊन खात बसले होते. मुलांनीं त्यांस वेढा दिला. त्यांनीं कृष्णाबाईच्या उत्सवाची सर्व हकीकत सांगितली : माघांत सुरू होऊन चैत्रापर्यंत वाईच्या सात घाटांवर पाळीपाळीनें हा उत्सव होतो, ज्या आळीची पाळी, त्या आळीच्या घाटावर मांडव, कीर्तन, गांवजेवण. अफजलखान चालून आला तेव्हां शिवाजी महाराजांस यश यावें म्हणून केलेल्या नवसांतून तो सुरू झाला, अशी गांवांत समजूत आहे. खान १६५९ सालीं वाईसच तळ देऊन होता, हें तर इतिहासांत आहेच. एका मुलानें त्यांस विचारिलें, "आजोबा, नदीला बाई कां म्हणतां?" ते म्हणाले, "अरे, मग काय 'अहो नदी' म्हणूं?" यावर जो हंशा पिकला, त्यानें धुणें धुणाऱ्या बायाही हंसूं लागल्या, आणि तेवढ्यानें आमचीं मुलें त्या घाटावर परकीं राहिलीं नाहींत.

काशीविश्वेश्वराचा तो तुकतुकीत काळा नंदी, बाजारपेठ, मिशनचें जुनें रुग्णालय, हीं सर्व आम्ही पायींच पाहत गेलों. बाजारांत एका अडतीच्या दुकानाशीं हळकुंडांचीं पोतीं ओतलीं होतीं. वाईची हळद प्रसिद्ध आहे. पण जमिनींतून निघालेला गड्डा शिजवावा लागतो, मग कित्येक दिवस उन्हांत वाळवावा लागतो, आणि मग पिंपांत घोळून घासल्यावर त्यास तो पिवळा तजेला येतो, हें वर्गांतील चाळीस जणांस प्रथमच समजलें. उरलेल्या दोघांपैकीं एकाचे आजोबा शेतकरी. त्या दिवशीं तो आमचा गुरु झाला, व तें त्याच्या चालण्यांतही दिसूं लागलें.

पुढें आम्हीं मुलांस मराठी विश्वकोशाच्या कचेरीवरून नेलें. येथें आम्हीं थोडें व्याख्यान दिलें, त्याबद्दल मुलांची क्षमा मागतों. पण ज्या गांवांत प्राज्ञपाठशाळेसारखी संस्था उभी राहिली, जेथें विनोबा भावे संस्कृताचें अध्ययन करण्यास येऊन राहिले, जेथें लक्ष्मणशास्त्री जोशी विद्यार्थी म्हणून आले ते पुढें तर्कतीर्थ होऊन मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले, त्या गांवांतून मुकाट्यानें कसें जावें? विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, विसावा २०१५ सालीं. आतां तो सर्व इंटरनेटवर कोणासही फुकट वाचावयास मिळतो. राजवाड्यांची गोष्ट मुलांस अधिक आवडली. याच वाईंत एका घरीं जुन्या कागदांचा सांठा पडून होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या हातीं तो लागला, आणि १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड बाहेर पडला. पानिपताच्या मोहिमेंतील पत्रें त्यांत आहेत. "म्हणजे रद्दीवाला आधीं आला असता तर?" असें एकीनें विचारिलें. आम्ही म्हणालों, हें वहींत लिही.

मेणवली वाईपासून तीन किलोमीटर. नाना फडणिसांचा वाडा मुलांस ठाऊक होता, पण इतिहासामुळें नव्हे. २००४ सालच्या 'स्वदेस' या चित्रपटाचें चित्रण या गांवीं झालें म्हणून. असो, ओळख कोणत्या दारानें होते यास फारसें महत्त्व नाहीं. औंधच्या प्रतिनिधींनीं नानांस हा गांव दिला, आणि त्यांनीं कृष्णेच्या कांठीं सहा चौकांचा हा वाडा व त्याखालीं चंद्रकोरीसारखा वळलेला घाट बांधविला. वाडा खाजगी मालकीचा आहे, जपून पाहिला. घाटावर मेणेश्वराचें व विष्णूचें अशीं दोन देवळें आहेत. तेथेंच झाडाखालीं डबे सोडले. जेवणानंतर तीन तास आम्हीं कोणतेंही काम नेमिलें नव्हतें. हेच ते तीन तास, ज्यांचा हिशेब पालकांनीं आमच्याकडे मागितला आहे.

तो हिशेब असा. देवळांजवळच एका दगडी बांधणींत एक मोठी घंटा टांगलेली आहे. पहिला अर्धा तास कोणाचें तिच्याकडे लक्षही गेलें नाहीं. देवळाशीं घंटा असावयाचीच. मग दोन मुलें सावलीसाठीं तिच्याखालीं जाऊन बसलीं, आणि त्यांतील एकानें वर पाहिलें. घंटेवर बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति उठावांत ओतलेली आहे, आणि १७०७ हें साल आहे. पाहतां पाहतां बेचाळीसही मुलें तेथें जमलीं.

इतिहास आम्हांस सांगावा लागला. वसई १५३४ सालीं गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली, व त्यानंतर दोनशें पांच वर्षें त्यांच्याच ताब्यांत राहिली. १७३७ पासून चिमाजी अप्पांनीं उत्तर कोंकणांत मोहीम चालविली, आणि मे १७३९ मध्यें मोठ्या रक्तपातानंतर वसईचा किल्ला शरण आला. तेथील चर्चांतील घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणिल्या गेल्या व ठिकठिकाणच्या देवळांस दिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत अशी घंटा आहे, भीमाशंकरास आहे, आणि ही मेणवलीस. नाना फडणीस तेव्हां जन्मलेही नव्हते; त्यांचा जन्म १७४२ चा.

तेव्हां आमच्या एका विद्यार्थ्यानें, तो जुन्या ख्रिस्ती घराण्यांतला आहे, हळूच विचारिलें, "सर, मग ही आपली घंटा आहे ना?"

'आपली' या शब्दावर सर्व वर्ग एकदम स्तब्ध झाला. त्याचाच बाकावरचा सोबती, हिंदु मुलगा, म्हणाला, "लढाईंत जिंकलेली आहे. जिंकलेली वस्तु परत देतात काय?" पहिला म्हणाला, "मग कोहिनूर परत मागतात तो कशास?" यास उत्तर आलें नाहीं. तेवढ्यांत मागून एक मुलगी म्हणाली, "पण घंटा टांगली त्या चर्चांच्या जागीं आधीं काय होतें?"

वाचकहो, आमच्या वीस वर्षांच्या नोकरींत याहून चांगला इतिहासाचा तास आम्हीं घेतलेला नाहीं. आणि हाही आम्हीं घेतला असें म्हणवत नाहीं. आम्हीं फक्त दोन्हीकडचें जें खरें तें सांगितलें. पोर्तुगीज अमलांत वसई-साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं, हें खरें. गोव्यास १५६० सालीं धर्मन्यायालय बसलें व तें १८१२ पर्यंत चाललें, आणि त्याच्या नांवानें पुष्कळांचा छळ झाला, हेंही खरें; ख्रिस्ती माणसानें तें सांगतांना आवाज खालीं आणूं नये. उलट, वसई पडली तेव्हां शरण आलेल्यांस शस्त्रांसह व बायकामुलांसह सुखरूप जाऊं दिलें, आणि मागें राहिलेल्या ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक दिली, हें चिमाजी अप्पांच्या बाजूचें खरें आहे. आणि ती मागें राहिलेली रयत कोण? तिचे वंशज आजही वसईस आहेत, व घरीं मराठीचीच बोली बोलतात. मग घंटा लिस्बनच्या राजाची, कीं त्या रयतेची, कीं मेणवलीची?

वाद घाटावर सुटला नाहीं. तो गाडींत चढला, खंबाटकी ओलांडून आला, आणि कात्रजपर्यंत चालला. गाण्यांच्या भेंड्यांची कोणास आठवणही झाली नाहीं. मधून मधून आवाज चढले, एकदां आम्हांस उठून दोघांच्या मध्यें बसावें लागलें. पण दुसऱ्या दिवशीं ते दोघेही एकाच बाकावर होते.

आमचें मत मुलांनीं विचारिलें, म्हणून येथें लिहून ठेवितों. त्या मुलानें 'आपली' म्हटलें तेव्हां आमच्याही अंतःकरणांत कांहींतरी हललें, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. लहानपणीं ज्या घंटेच्या आवाजानें रविवारची सकाळ उजाडे, तिची आठवण झाली. तरीही ती घंटा मेणवलीसच राहावी असें आम्हांस वाटतें. कारण ती कशी आली हें एक, आणि आल्यावर तिचें काय झालें हें दुसरें. ती वितळवून कोणीं तोफ केली नाहीं, कीं भांडीं केलीं नाहींत. एवढीं वर्षें ती देवळांच्या सान्निध्यांत आहे, आणि इतक्या काळांत कोणींही ती मरियेची आकृति तासून काढिली नाहीं. घांसून टाकावयास एक कानस व एक दुपार पुरे होती. ती दुपार या गांवांत कधीं उगवली नाहीं. मात्र तिच्याजवळ एक पाटी असावी, आणि तिजवर वसई, १७३९, मरिया, सर्व कांहीं कोणास न दुखवितां पण कांहीं न लपवितां लिहिलेलें असावें. जिंकलेल्याची लाज नको आणि हरलेल्याचा विसर नको. कोहिनूराविषयींचा त्या मुलाचा प्रश्न मात्र आम्हांस अजून सुटलेला नाहीं. कदाचित् फरक इतकाच असेल कीं, घंटेखालीं आम्हांस बसूं दिलें. पण हें उत्तर तोकडें आहे, हें त्यानें आम्हांस तोंडावर सांगितलें.

आतां पालकांच्या आक्षेपांकडे वळतों. पैसे तेवढेच घेऊन कमी दाखविलें, हा पहिला. वास्तविक पैसे कमी घेतले. मुक्काम नव्हता, हॉटेल नव्हतें, डबे घरचे होते, व उरलेली रक्कम प्रत्येकास परत केली आहे. पण मुद्दा तो नव्हे. सहल ही बाजारांतील भाजी नव्हे कीं, तेवढ्याच पैशांत कोणाची जुडी मोठी तें पाहावें. चार वर्षांपूर्वींच्या सहलींत आम्हीं जुडी मोठी दिली होती. तिचें काय झालें तें वर सांगितलेंच आहे.

दुसरा आक्षेप, गरीब घरांतील मुलांचा. हा मात्र आम्हांस खरोखर लागला. एका आईनें सांगितलें कीं, तिच्या मुलीस महाबळेश्वर पाहावयास पुन्हां कधीं मिळेल कोण जाणे. शाळेच्या सहलींतच काय तें गरिबाचें देशाटन. या बोलण्यापुढें आमची अर्धी विद्वत्ता गळाली. आम्हीं तिला एवढेंच म्हटलें कीं, पाहावयाचें कसें हें मुलीस एकदां साधलें, तर एस. टी.च्या तिकिटांत जाण्याजोगीं पन्नास गांवें तिला स्वतःच पाहतां येतील. तिचें समाधान झालें असें नाहीं. तिच्यासाठीं आम्हीं शाळेस वेगळें सुचविलें आहे : दहावीपर्यंतच्या पांच वर्षांत एक सहल मुक्कामाची व दूरची असावी, पण तीही एकाच ठिकाणची, आणि ज्यांस वर्गणी झेपत नाहीं त्यांची ती इतरांस न कळतां शाळेनें भरावी.

छायाचित्रें नाहींत, हा तिसरा. नाहींत खरीं. त्याऐवजीं बेचाळीस वह्या आहेत. कोणास पाहावयाच्या असल्यास शिक्षकांच्या खोलींत शनिवारीं दुपारीं याव्या. त्यांत घंटेचीं एकोणीस चित्रें आहेत; बहुतेक वांकडीं. परंतु चित्र काढावयाचें तर मरियेचा हात बाळाच्या कोणत्या बाजूस आहे हें निरखून पाहावें लागतें, आणि तें त्या एकोणीस जणांनीं पाहिलें आहे. हार गुंफण्यास शिकलेली ती मुलगी हल्लीं अकरावींत आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनांत पाहुण्यांचे हार तिनें केले होते.

पुढील वर्षाविषयीं. घंटेवरून वाद घालणारे ते दोघे परवां एकत्रच आमच्याकडे आले. त्यांस वसई पाहावयाची आहे. किल्ल्यांतील पडक्या चर्चांत घंटा कोठें टांगीत असत, ती जागा शोधावयाची आहे. वसई पुण्याहून एका दिवसांत जाऊन-येऊन होणारी नाहीं, हें आम्ही जाणतों. शुक्रवारीं संध्याकाळीं निघून रविवारीं परतावें लागेल, आणि मधला संबंध शनिवार किल्ल्यांतच जाईल. दुसरें कोणतेंही स्थळ पाहावयाचें नाहीं, हें आतांच सांगून ठेवितों, म्हणजे मागाहून कुरकूर नको. जूनमध्यें पालकांची सभा आहे. तेथें हा ठराव येईल. ज्यांचा विरोध असेल त्यांनीं तो अवश्य बोलून दाखवावा. ज्यांची संमति असेल त्यांनीं मुलांपाशीं एक कोरी वही द्यावी, आणि शनिवारच्या दुपारचा डबा कसा पोहोंचवावा याचाही विचार करून यावें. तेवढें अजून जमलेलें नाहीं.